उरलं तर

पाद्रे एफ्राइननी कुपीचं झाकण फिरवून घट्ट केलं, पांढऱ्या फडक्याने ती बाहेरून पुसली, कातड्याच्या छोट्या पिशवीत घातली आणि पिशवीची दोरी ओतिलियाच्या गळ्यात अडकवता अडकवता घाईघाईने सांगितलं, "म्हातारीला थेंब थेंब द्या. गिळता येईल तेवढंच. आणि उरलं तर तिथेच तुम्ही पिऊन टाका, मग कुपी पाण्याने विसळून तेही पाणी प्या. सांडायचं नाही, ठेवायचं नाही." ओतिलियाने मान डोलावली. दर रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या मागच्या खोलीत ती अशीच उभी राहायची, पाद्रे तिच्या डबीत ओस्तीच्या पातळ चकत्या ठेवायचे, आणि ती वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे देव घेऊन निघायची. पण आज डबी नव्हती. आज कुपी होती आणि कुपीत वाइन होती. वेदीवर प्रार्थना झाली की ती वाइन राहत नाही, ख्रिस्ताचं रक्त होते, हे ओतिलियाला लहानपणापासून ठाऊक होतं आणि ती ते मनापासून मानत होती. तरीही दोरी मानेला टेकली तेव्हा तिच्या पोटात काहीतरी टुणकन उडालं, आणि ते काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. तो आनंद होता. बाटली हाताशी आली की व्हायचा तोच जुना, निलाजरा आनंद. तो कधीच मेला असं ती धरून चालली होती. तो मेलेला नव्हता, नुसता कोपऱ्यात पडून होता, आणि आता दारात चाहूल लागल्यावर कुत्रं उठतं तसा उठून उभा राहिला होता. तिने शाल ओढून पिशवी झाकली आणि कोणाच्या नजरेला नजर न देता बाहेर पडली.

सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. पाद्रे, मी दारुडी आहे. टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत, दारू सोडलेल्यांच्या गटात, लाकडी चौथऱ्यावर उभी राहून हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की ते आता आडनावासारखं वाटायचं. पण खोलीबाहेर ते तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पाद्रे या वस्तीत नवे होते, घामाघूम झालेले होते, डोंगरापलीकडच्या वाडीत त्यांची पुढची मिस्सा होती आणि त्यांना न्यायला आलेली गाडी बाहेर भोंगा वाजवत होती. त्या गडबडीत त्यांनी कुपीत ओतलंही जास्तच, चार थेंबांचं काम होतं तिथे अर्धी कुपी भरली. बाजूला सेन्योरा लेओनोर वेदीवरची वस्त्रं घडी करत कान देऊन उभ्या होत्या, आणि लेओनोरबाईंच्या कानात पडलेलं रविवारच्या जेवणाआधी सगळ्या वस्तीला कळतं. शिवाय गटातली गोष्ट गटाबाहेर न्यायची नाही. आपण तोंड उघडलं असतं तर दोन्या चोलेंचंही नाव निघालं असतं, कारण ज्या म्हातारीसाठी ही कुपी चालली होती ती दोन्या चोले ओतिलियाची माद्रिना होती. गटात नवीन आलेल्या बाईचं बोट धरते तिला माद्रिना म्हणतात, आणि धरलेलं बोट ती शेवटपर्यंत सोडत नाही. दोन्या चोलेही तसलीच, दारूतून उठून आलेली, आणि तिच्या जिभेलाही कित्येक वर्षांत थेंब लागलेला नव्हता. काल पाद्रे तिला मरणाऱ्या माणसाला लावतात ते पवित्र तेल लावायला गेले तेव्हा ओस्तीचा कण घशाखाली जाईना, घशातली गाठ आडवी आली, म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि पाद्रेंच्या मनात दया येऊन त्यांनी ओस्तीऐवजी वाइन द्यायचं ठरवलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. म्हणजे मी गप्प बसले ती माद्रिनाची लाज राखायला, असं ओतिलियाने पायऱ्या उतरता उतरता स्वतःला समजावलं. शेवटच्या पायरीवर ती थबकली. हे खोटं होतं. ती गप्प बसली ती त्या आनंदामुळे. तोंड उघडलं असतं तर कुपी परत गेली असती.

बाहेर रविवारचा बाजार भरला होता, गुलाबी ताडपत्र्यांखाली अख्खा रस्ता गुलाबी झाला होता, आणि वर खाकारांदाच्या झाडांनी जांभळा सडा घातला होता. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ चालू असला तरी रविवारी कोणी उपास धरत नाही. मटणाच्या हंड्या उघडल्या होत्या, वाफेला गर्दी जमली होती आणि हंडीशेजारी पुल्केचे, त्या आंबवलेल्या पांढऱ्या दारूचे, डबे ठेवलेले होतेच. देव घेऊन निघालेल्या माणसाने वाटेत बोलायचं नसतं. मटणवाल्या नाबोरने तिला हाक मारली, ये की ओती, वाटीभर रस्सा तरी घे. तिने छातीवर हात ठेवून दाखवला आणि त्याने खांद्यावरचं फडकं ओढून काढत मान खाली घातली. दर रविवारी हेच होई आणि दर रविवारी तिला त्याचं नवल वाटे. कपाळाला हात लावणाऱ्या म्हाताऱ्या, गाडा बाजूला घेणारा भाजीवाला, हे तिला वाट देत नव्हते हे तिला पक्कं ठाऊक होतं, तिच्या गळ्यातल्या डबीला देत होते. तरी ती वाट तिच्याच पायांखालून जायची. ज्या रस्त्यावर लोकांनी तिला भिंतीला टेकून बसवलं होतं, तोंडावर पाणी मारलं होतं, तोच हा रस्ता. आज मात्र प्रत्येक झुकलेली मान बघून तिचा जीव कानकोंडा होत होता. चालताना कुपी छातीच्या हाडावर हलकेच आपटे. आत काय हलतंय ते दिसत नव्हतं, पण रंग तिने पाहिला होता. मिस्सेची वाइन इथे लाल नसते, कापडावर डाग राहतात म्हणून पिवळसर तपकिरी आणि गोड असते, थेट रमच्या रंगाची. देवाला दुसरं काही मिळालं नाही का, असं तिने एकदा माद्रिनाला विचारलं होतं. दूध होतं, मध होता, साधं विहिरीचं पाणी होतं. एवढ्या सगळ्या जगात, जिने माझं घर खाल्लं तीच वस्तू त्याला आपल्या रक्तासाठी सापडावी? दोन्या चोले भाजीसाठी विकायच्या निवडुंगाच्या पानाचे काटे खरवडत होती. मान वर न करता ती म्हणाली होती की मी शाळेत गेलेली नाही, त्यालाच विचार, आणि काही बोलला तर मलाही सांग.

ओतिलिया प्यायची तेव्हा धोब्याच्या दुकानात इस्त्री करायची, अजूनही तिथेच करते. खळीच्या पाण्याची फवारणीची बाटली असते ना, तसल्याच दुसऱ्या एका बाटलीत ती उसाचं अल्कोहोल भरून ठेवायची. सदऱ्यावर एक फवारा, तोंडात एक फवारा. कोणाला कळायचं कारण नव्हतं, आणि कोणाला कळलंही नव्हतं, तिचं तिलासुद्धा नीट कळत नव्हतं, इतकं ते सहज चालायचं. एकदा घाईत चुकीची बाटली उचलली आणि एका नवरदेवाचा सदरा इस्त्रीखाली भपकन पेटला. मालकीणबाई तिला म्हणाल्या की बाई गं, कपड्यांना तुझी दृष्ट लागते. मग ती सगळे करतात तेच करायची, चर्चमध्ये जाऊन ग्वादालुपेमातेपुढे शपथ घ्यायची. पाद्री मातेच्या चित्राच्या कार्डावर लिहून द्यायचे, अमुक तारखेपर्यंत ही बाई पिणार नाही, आणि ओतिलिया ते कार्ड छातीशी ठेवून खरोखरच त्या तारखेपर्यंत प्यायची नाही. शपथ तिने एकदाही मोडली नाही. याचा तिला केवढा अभिमान होता. शपथ संपायची त्या सकाळी ती अंघोळ करून मिस्सेला जायची, मातेचे आभार मानायची, आणि पायऱ्या उतरून समोरच्या दुकानात शिरायची. अशाच एका सकाळी पायरीवर निवडुंग विकत बसलेल्या बाईने तिला विचारलं होतं, कधीपर्यंतची होती? ओतिलियाने ताठ मानेने सांगितलं, आजपर्यंतची. बाई म्हणाली, मग तू इतके दिवस सोडली नव्हतीस, तहान साठवत होतीस. एवढं बोलून तिने बाजूचं पोतं झटकलं आणि बसायला जागा केली. ओतिलिया का बसली ते तिला आजही सांगता येत नाही. दुकान समोर उघडं होतं, पैसे मुठीत होते, आणि ती पोत्यावर बसून दुपार होईपर्यंत दुसऱ्याच्या निवडुंगाचे काटे काढत राहिली. बोटं सोलून निघाली. संध्याकाळ झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आजचा दिवस न पिता गेला.

माद्रिनाने तिला कुठलंही मोठं तत्त्व सांगितलं नाही. रात्री झोपताना वहाणा पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलायच्या, एवढंच सांगितलं. का, तर सकाळी त्या काढायला गुडघ्यांवर बसावं लागतं, आणि बसलीच आहेस तर दोन शब्द बोलून घे, आजचा दिवस निभाव म्हण आणि ऊठ. सुरुवातीला ओतिलियाला हा पोरखेळ वाटला. कोणाशी बोलायचं तेच कळेना, पलंगाखालच्या धुळीशी बोलल्यासारखं व्हायचं. तिने तशी तक्रार केली तर माद्रिना म्हणाली, देवाशी बोलता येत नाही ना, मग कॉफीचं पातेलं घास. गटाचं ते पातेलं तिने वर्षानुवर्षं घासलं, खुर्च्या मांडल्या, थुंकलेलं पुसलं, कोणी नवीन बाई थरथरत आली की तिच्या हातातला पेला धरून ठेवला. आणि कधीतरी, नेमकं कधी ते तिला कळलं नाही, सकाळी पलंगाखाली हात घालून वाकलेली असताना तिला जाणवलं की कोणीतरी ऐकतंय. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. खोलीत एकटं असताना दारात कोणी येऊन उभं राहिलं की पाठीला जे कळतं, तेवढंच. ती वहाण हातात घेऊन तशीच बसून राहिली होती, गुडघे दुखेपर्यंत, आणि मागे वळून बघायचा तिला धीर झाला नव्हता. त्यानंतर तिने आजाऱ्यांकडे देव न्यायचं काम मागून घेतलं. माद्रिना म्हणाली होती की जा, लोकांच्या मोऱ्याही धुऊन देत जा, नुसती देव देऊन परत येऊ नकोस.

कालव्यावरच्या पुलाशी ती थांबली. थांबायचं नसतं, पण पाय चालेनात. इथून डावीकडे दोन्या चोलेची चाळ, उजवीकडे तिचं स्वतःचं घर. तिने शालीच्या आत पिशवीवर हात ठेवला. कुपी अंगाच्या उबेने कोमट झाली होती. उरलं तर. उरणारच होतं. ज्या घशातून कालपासून पाण्याचे चार थेंब मुश्किलीने उतरत होते तिथे अर्धी कुपी कशी उतरणार? म्हणजे तासाभरात आपण ती तोंडाला लावणार. ते रक्त असेल, असेलच. पण जीभ काय ओळखेल? जिभेला कोण समजावणार की बाई, ही ती नव्हे? आणि एकदा का ती घशाखाली गेली की पुढे काय होतं ते ओतिलियाने गटात शंभर तोंडांतून ऐकलं होतं. कोणाचं औषधाच्या चमच्याने झालं होतं, कोणाचं नातीच्या वाढदिवसाच्या रमच्या केकने. घोट केवढा होता हे कोणी विचारत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कालव्यात ओतून देणं. तिने खाली पाहिलं. हिरवं, दाट पाणी, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक मेलेलं कोंबडं. इथे त्याला ओतायचं?  ज्याच्यासाठी नाबोर फडकं काढतो, ज्याने कोणी ऐकत नाही अशा खोलीत येऊन तिचं ऐकलं, तो आता तिच्या छातीवर अर्धी कुपी होऊन लटकत होता. त्याला स्वतःचं काही करता येत नव्हतं. तिने टाकलं तर तो पडणार होता, तिने प्यायलं तर तो जाणार होता, आणि तिचा सत्यानाश झाला तर त्यालाही तो थांबवता येणार नव्हता. एवढा मोठा असून त्याने इतकं तिच्या हातात यावं, याची तिला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या खाली त्याच्याविषयी इतकी माया दाटून आली की तिला पुलाचा कठडा धरावा लागला. मग ती डावीकडे वळली.

दार ब्रिखिदाने उघडलं. दोन्या चोलेची ही एकुलती एक मुलगी, केसांत पांढरं दिसू लागलेली, गेले काही महिने नोकरी सोडून आईचं सगळं अंथरुणात करणारी. ओतिलियाला पाहून तिने दार अर्धंच धरलं. "या सेन्योरा. तुमचीच वाट बघतेय ती. माझी कशाला बघेल, मी तर इथेच आहे." ओतिलियाने बोलायचं नाही म्हणून नुसती मान लववली. खोलीत उकळलेल्या कोंबडीचा वास होता, शेगडीवर पातेलं होतं आणि टेबलावर सुपाची वाटी तशीच भरलेली, वर साय धरलेली. ब्रिखिदाने ती वाटी उचलून बाजूला केली, टेबलावर पांढरं कापड टाकलं, मेणबत्ती लावली. हे सगळं तिने नीट, न चुकता केलं आणि करताना एकदाही क्रूसाची खूण केली नाही. चर्चशी तिचं केव्हाच बिनसलं होतं. मग ती दाराशी जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली.

दोन्या चोले उशांना टेकून होती. बाजारात पोती उचलणारी ती बाई आता अंथरुणात दिसतही नव्हती, नाक आणि डोळे तेवढे उरले होते. ओतिलियाने प्रार्थना म्हटली आणि कुपीचं झाकण फिरवलं. वास आला. मनुकांचा, जुन्या लाकडाचा, गोड वास, आणि त्याच्या तळाशी ती. ओतिलियाचे हात जागच्या जागी थांबले. म्हातारीच्या नाकपुड्या हलल्या, डोळे उघडले, कुपीवर गेले, कुपीवरून ओतिलियाच्या तोंडावर आले आणि तिथेच राहिले.

"पाद्रेला सांगितलं नाहीस?" तिचा आवाज राहिला नव्हता, नुसती हवा होती.

ओतिलियाने नाही म्हणून मान हलवली.

"माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी," ओतिलिया म्हणाली. तिला वाटलं होतं की रडू येईल, पण आवाज कोरडाच निघाला. "गळ्यात अडकवली तेव्हा मला आनंद झाला, माद्रिना."

"होणारच. मलाही झाला, आत्ता." म्हातारीची छाती हलली. ती हसत होती. हसणं घशात आडवं आलं, ती ठसकली, ब्रिखिदा दोन पावलं पुढे आली, पण म्हातारीने बोट वर करून तिला थांबवलं. जरा दम खाल्ल्यावर तिने विचारलं, "उरलं तर कोणी प्यायचं?" उत्तर तिला माहीत होतं. चर्चची वस्त्रं तिने वर्षानुवर्षं धुतली होती, प्याला पुसलेलं फडकं पहिल्यांदा कुठे पिळायचं हेसुद्धा तिला ठाऊक होतं.

"मी."

दोन्या चोलेने डोळे मिटले.  चाळीच्या चौकात कोणीतरी रेडिओ लावला, फुटबॉलची मॅच चालू होती. मग म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, "उरू द्यायचं नाही. चमचा घे."

"तुम्हाला पाणी जात नाही."

"हे जाईल."

"आणि तुमची इतकी वर्षं?" ओतिलियाने विचारलं. तिने हे विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"अगं, आता बिघडायला मला वेळ कुठे आहे?" दोन्या चोले म्हणाली, आणि तोंड उघडलं.

पहिला थेंब ओतिलियाने चमच्याच्या टोकावरून जिभेवर सोडला. ख्रिस्ताचं रक्त, ती म्हणाली, आणि म्हातारीचे ओठ आमेनसारखे हलले. मग गिळणं सुरू झालं. ओतिलियाने आयुष्यात कोणाला गिळताना असं पाहिलं नव्हतं. आधी सगळं अंग थांबलं, कपाळावर आठ्या पडल्या, मानेच्या शिरा एकेक करून वर आल्या, हाताने चादर मुठीत धरली, आणि कुठूनतरी फार खालून ती तो एक थेंब ओढून घेऊ लागली. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. मग मूठ सुटली. थोडा वेळ नुसता श्वास. आणि मग चादरीवरचं बोट वर झालं, पुढचा दे म्हणून. ओतिलियाने पुढचा दिला. असे किती दिले ते तिने मोजलं नाही, मोजायची छातीच नव्हती. ऊन पलंगावर होतं ते कपाटावर चढलं. मॅच संपली, दुसरं काहीतरी सुरू झालं. दर वेळी तिला वाटे की आता बस, आता म्हातारी मान फिरवेल, आणि दर वेळी ते बोट वर होई. मध्येच चमचा कलला आणि एक थेंब तिच्याच अंगठ्यावर ओघळला. ती अंगठा वर धरून तशीच राहिली. पुसता येत नव्हता, झटकता येत नव्हता, आणि तोंडात घालायला तोंड अगदी जवळ होतं. वासाने तिची जीभ ओली झाली. दोन्या चोलेने ते पाहिलं. तिने मान पुढे काढली, कशी काढली कोण जाणे, आणि ओतिलियाचा अंगठा तोंडात घेऊन चोखला, वासरू चोखतं तसा, कोरड्या, खरबरीत, कढत जिभेने, आणि तोही थेंब त्याच कष्टाने गिळला. ओतिलियाच्या सगळ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. समोर अंथरुणात कोण आहे हे तिला क्षणभर कळेना. गुडघे आपोआप टेकले गेले होते. कुपीत त्याचं रक्त आहे हे ती लहानपणापासून मानत आली होती. पण ते दुसऱ्याच्या वाट्याचं विष पोटात घेणारं रक्त आहे, हे तिने आज प्रथम डोळ्यांनी पाहिलं, आणि ती बघतच राहिली.

"काय पाजताय तिला?" ब्रिखिदा कधी जवळ आली होती ते तिला कळलं नाही. आता लपवायला काही उरलं नव्हतं. ओतिलियाने तिला सगळं सांगितलं, गळ्यात दोरी पडली तिथपासून, आनंदासकट. ब्रिखिदाने ऐकून घेतलं. तिचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

"काल मी सूप केलं होतं," ती म्हणाली. "परवाही केलं होतं. दुखतं म्हणून दोन चमचे घेतले नाहीत तिने. मी म्हटलं, माझ्यासाठी घे आई, एकच. नाही घेतलं. आणि तुमच्यासाठी कुपी संपवतेय." तिने आईकडे पाहिलं. "आधी ती दारूची होती, सेन्योरा. मग ती तुमची झाली, तुम्हा सगळ्यांची. कोणाची तब्येत बिघडली, कोणाचा तोल गेला, निघाली शाल घेऊन. माझी कधी झालीच नाही."

ओतिलियाने चमचा खाली ठेवला. ती दारुडी होती आणि तिलाही एक मुलगा होता, दूर उत्तरेला, सणालाही फोन न करणारा. दोन्या चोलेने ऐकलं असावं, कारण तिचं बोट वर झालं होतं ते चादरीवरून सरकत ब्रिखिदाच्या हाताकडे गेलं, पण पोचायच्या आधीच थकून थांबलं. ब्रिखिदाने तो हात उचलला नाही. मात्र ती पलंगाच्या कडेवर बसली, आईच्या पाठीमागे हात घालून तिला सरळ केलं, आणि ओतिलियाला म्हणाली, "द्या आता. अशी बसली की तिला सोपं जातं." उरलेले थेंब दोघींनी मिळून दिले. शेवटचा गिळून झाल्यावर म्हातारीने कुपीकडे पाहिलं, ती रिकामी आहे याची खात्री करून घेतली, आणि मुलीच्या खांद्यावर मान टाकून तशीच झोपी गेली.

ओतिलिया कुपी घेऊन मोरीपाशी गेली. माठातलं पाणी तिने कुपीत ओतलं, हलवलं आणि ग्लासात घेतलं. पाणी स्वच्छ दिसत होतं. तिने ग्लास नाकाशी नेला. वास होता, फार नाही, पण होता, आणि तिच्या पोटातलं ते कुत्रं पुन्हा कान टवकारून बसलं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिने डोळे मिटून घेतले. एवढं पाहिल्यावरही.

"हे काय आता?" ब्रिखिदा मागे उभी होती.

"विसळलेलं पाणी. हेही प्यावं लागतं. ज्याने आणलं त्याने."

"वास येतोय?"

"येतोय."

ब्रिखिदाने वळून पलंगाकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. "मी चर्चची पायरी चढून किती वर्षं झाली. मला चालतं का हे?"

"मला माहीत नाही," ओतिलिया म्हणाली, आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

ब्रिखिदाने तिच्या हातातून ग्लास काढून घेतला. "तिने दुपारभर जीव काढला तो तुम्ही शेवटी इथे मोरीत उभ्या राहून घोट घ्यावा म्हणून नाही. आणि मी तिच्या पोटची आहे. एवढं तरी माझ्या वाट्याला येऊ दे." तिने ग्लास तोंडाला लावला आणि डोळे मिटून सगळं पाणी प्यायली. ओतिलिया तिच्या गळ्याकडे बघत राहिली. पाणी सहज, आवाजसुद्धा न करता, खाली उतरलं, आणि ते इतकं सोपं असतं हे बघून ओतिलियाला रडू फुटलं.